शरणपूर ते नागपूर : ख्रिस्ती मंडळ्यांच्या सहकार्याचा हिशेब

नाशिक शहरातील ‘शरणपूर रोड’ हे नाव दुकाने, दवाखाने आणि बँका यांच्या पाट्यांवरून इतके परिचित झाले आहे की, त्या नावातील शरण कोणी कोणाला दिले, हा प्रश्न आता सहसा कोणाच्या मनात येत नाही. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने नाशकात १८३२ मध्ये काम सुरू केले. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर तुटे, पाणवठा तुटे आणि धंद्यातील गिऱ्हाईकही तुटे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क सुरक्षित केला हे खरे. परंतु कायद्याने वाडवडिलांची जमीन मिळाली तरी गावच्या विहिरीवरचे पाणी मिळत नव्हते. अशा निराधार झालेल्या माणसांसाठी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये गावाबाहेर शरणपूर वसविले. तेथे सुतारकाम, लोहारकाम शिकविले जाई. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुलेही तेथे आणली गेली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे शव घेऊन थेट लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतील त्यांच्या दफनविधीस हजर राहिला. नाशिकच्या शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यांत याहून दूरचा प्रवास फार थोड्यांनी केला असेल!

शरणपूरची रचना सोपी होती. मिशन एक, शाळा एक, उपासनामंदिर एक. आजच्या नाशकात तसे नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, रोमन कॅथलिक, मेथडिस्ट आणि निरनिराळ्या पेंटेकॉस्टल व स्वतंत्र मंडळ्या अशा अनेक ठिकाणी रविवारी उपासना होते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी होती. एवढ्या लहान समाजाने इतक्या वेगवेगळ्या घरांत राहावे काय, आणि राहायचेच असेल तर परस्परांशी व्यवहार कसा ठेवावा, हा प्रश्न वरवर धर्मशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो बऱ्याच अंशी जमिनीचा, स्थलांतराचा आणि खर्चाचा प्रश्न आहे. धर्मपंडितांनी त्याची चर्चा पुष्कळ केली आहे. हिशेबाच्या बाजूने मात्र त्याच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

वाटून घेतलेला मुलूख

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट पंथभेद येथील माणसांच्या मतभेदातून निर्माण झालेले नाहीत. इंग्लंडातील अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल यांच्यातील भांडणाचे मूळ सतराव्या शतकातील राजकारणात आहे. निफाड किंवा नेवासे तालुक्यातील शेतमजुराला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारणच नव्हते. बाहेरून आलेल्या मिशनांनी एकमेकांच्या क्षेत्रात शिरू नये म्हणून मुलूख वाटून घेतला. या व्यवस्थेला ‘कॉमिटी’ असे नाव होते. नाशिक, मालेगाव आणि औरंगाबादकडचा प्रदेश चर्च मिशनरी सोसायटीकडे; अहमदनगर, सोलापूर आणि सातारा अमेरिकन मराठी मिशनकडे; पुणे व जालना स्कॉटिश मिशनकडे; कोल्हापूर, मिरज आणि रत्नागिरीकडचा भाग अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळींकडे; पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशन, अशी ही स्थूल विभागणी होती. अर्थशास्त्राचा विद्यार्थी याला बाजारपेठेची वाटणी म्हणेल आणि त्यात थोडे तथ्य आहे. तथापि ग्राहक पळविण्यासाठी होणारी उधळपट्टी आणि चढाओढ या वाटणीने टाळली, हेही मान्य केले पाहिजे.

या वाटणीचा परिणाम असा झाला की, माणसाचा पंथ त्याच्या गावावरून ठरू लागला. गोदावरीच्या एका काठचे कुटुंब बिशपांना मानणारे, तर दुसऱ्या काठचे, बिशप ही संस्थाच न मानणारे. आणि दोन्ही घरांत एकाच पद्धतीची भाकरी, एकाच भाषेतील भजन आणि बहुधा एकाच नात्यागोत्याचा गोतावळा! करार सर्वांनी पाळला असेही नाही. १८७० नंतरच्या दशकात अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या शेजारी आधी एक अँग्लिकन संस्था आणि मग कॅथलिक जेझुइट धर्मगुरू आले. ते दशक १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचे होते. ज्याची शाळा जवळ, ज्याचे धान्य वेळेवर पोहोचले, त्याचा पंथ घराण्याला चिकटला. दोन सख्ख्या भावांच्या वंशात पंथ भिन्न असणे त्या भागात नवलाचे मानले जात नाही, त्याचे कारण इतके साधे आहे. मेथडिस्टांची गोष्ट आणखी निराळी. विल्यम टेलर यांनी १८७१-७२ मध्ये मुंबईत प्रथम इंग्रजी बोलणाऱ्या वस्तीत मंडळी स्थापन केली आणि मुलूखवाटणी मानण्यास ते तयार नव्हते. त्यामुळे त्यांच्या मंडळ्या शहरांतून व रेल्वेच्या गावांतून पसरल्या.

मुलूखवाटणी टिकण्याची एक अट होती, ती म्हणजे माणसे आपापल्या मुलखातच राहिली पाहिजेत. शेतीप्रधान समाजात ही अट पुरी होत होती. परंतु नाशिक रोडला १९२५ च्या सुमारास सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला. देवळालीला लष्करी छावणी होतीच. पुढे सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना निघाला. नगर जिल्ह्यातला काँग्रिगेशनल, जालन्याकडचा प्रेसबिटेरियन, मनमाडच्या रेल्वे वसाहतीतला मेथडिस्ट आणि वसईचा कॅथलिक एकाच पाळीत एकाच यंत्रावर काम करू लागले. मिशनऱ्यांनी नकाशावर ओढलेली रेघ मासिक पगाराने पुसून टाकली. नाशकात मंडळ्यांचे सहकार्य सुरू झाले असेल, तर त्याचे श्रेय परिषदांना जेवढे, तेवढेच कारखान्याच्या भोंग्यालाही दिले पाहिजे.

नागपूरचा एकोणतीस नोव्हेंबर

परिषदाही अर्थात झाल्या. एडिंबरा येथील १९१० च्या जागतिक मिशनरी परिषदेनंतर १९१४ मध्ये भारतात राष्ट्रीय मिशनरी परिषद स्थापन झाली. १९२३ मध्ये तिचे राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत रूपांतर झाले आणि तिचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या नावाने एकत्र आल्या. १९२९ मध्ये व्यापक ऐक्याच्या वाटाघाटींना प्रारंभ झाला. त्याच वर्षी नाशिकचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत निर्माण होऊन फिलिप लॉइड हे त्याचे पहिले बिशप झाले, हा केवळ योगायोग. दक्षिणेत सप्टेंबर १९४७ मध्ये ऐक्य साधले. उत्तरेत मात्र बोलणी चाळीस वर्षे चालली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश परंपरेतील मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा त्या सहा. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च वाटाघाटींत अखेरपर्यंत होते. परंतु ऐन वेळी, त्याच वर्षी, त्याने अंग काढून घेतले. नव्या चर्चची कल्पना ज्या मोठ्या भिडूच्या भरवशावर रंगविली होती, तोच मैदानाबाहेर राहिला.

या ऐक्यात बौद्धिक धाडस होते, यात शंका नाही. बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि कळत्या वयातच तो द्यावा असे मानणारे एका चर्चमध्ये आले व दोन्ही पद्धती ग्राह्य ठरल्या. सर्व पाळकांच्या दीक्षेचे एकीकरण उद्घाटनाच्या वेळीच विधिपूर्वक करण्यात आले. दक्षिणेत ते असे झालेले नव्हते. नाशिक धर्मप्रांताच्या बाबतीत तर एक गमतीचा प्रकार घडला. नाव नाशिकचे, परंपरा बिशपांची. पण नव्या व्यवस्थेत या धर्मप्रांतात अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या मोठ्या प्रमाणावर आल्या, ज्यांच्या पूर्वजांना बिशप हा शब्दसुद्धा परका होता. बिशपांचे निवासस्थानही नगरलाच आहे. नावात नाशिक आणि वजनात नगर, ही तडजोड कागदावर सहज झाली असली, तरी मंडळ्यांच्या अंगवळणी पडायला काळ जावा लागणारच होता.

वरून आलेल्या या ऐक्यात एक कच्चा दुवा राहून गेला. ठराव सभांनी केले. जमिनी, शाळा, दवाखाने आणि उपासनामंदिरे मात्र विश्वस्तांच्या नावावर होती. श्रद्धेचे एकीकरण एका रविवारी होऊ शकते, सातबाऱ्याचे नाही. गुजरातेतील ब्रेदरन मंडळ्यांच्या मालमत्तेचा वाद असाच वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून सार्वजनिक न्यासाची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये सांगितलेली रीत पाळलीच पाहिजे. म्हणजे ऐक्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, ऐक्य कायदेशीर झाले होते की नाही याचा निकाल लागला! शहरे वाढली, मोक्याच्या जागी असलेल्या मिशनच्या आवारांना सोन्याचे मोल आले आणि जे वाद एरवी मतभेद म्हणून मिटले असते, ते दावे झाले. वर्गणीदारांचा पैसा वकिलांकडे जाऊ लागला की कोणत्याही संस्थेचे काय होते, हे सहकारी पतपेढ्यांच्या महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको.

कॅथलिक दार

१९६० पूर्वी कॅथलिक माणसाने प्रॉटेस्टंट उपासनेत भाग घेणे निषिद्ध होते आणि प्रॉटेस्टंट घरांतूनही कॅथलिकांविषयी बरे बोलले जात नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश संमत केला आणि हे दार किलकिले झाले. मिश्र विवाहांचे नियम सैल करणारे पोपचे पत्र १९७० च्या मार्चमधले. म्हणजे नागपूरच्या समारंभाच्या आठच महिने आधीचे. मुलांच्या पंथाविषयी कॅथलिकेतर जोडीदाराकडून लेखी हमी घेण्याची जुनी सक्ती त्या पत्राने उठविली. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या आठवड्यात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना होतात आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थनादिन असतो. या दुसऱ्या उपक्रमाकडे विद्वानांचे लक्ष फारसे जात नाही. वास्तविक तो अधिक टिकाऊ ठरला आहे, कारण त्यात कोणाच्या दीक्षेचा प्रश्न येत नाही आणि तो चालविणाऱ्या बायकांना मालमत्तेच्या कागदांवर सह्या करण्याचा अधिकार बहुधा कोणी दिलेलाच नसतो.

कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा होऊन १९८७ मध्ये स्थापन झाला व थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले. एकाच शहराच्या नावाचे दोन धर्मप्रांत तेव्हापासून आहेत. फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला लोटणाऱ्या गर्दीला हा फरक ठाऊक नसतो, आणि असला तरी अडत नाही. त्या गर्दीत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. प्रभुभोजन मात्र एका वेदीवर अद्याप होत नाही. तो प्रश्न रोमचा आहे. नाशिकने तो सोडविण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

शब्दांचेच पाहा. एकाच विधीला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा म्हणतात, तर कॅथलिक स्नानसंस्कार. एकाकडे पाळक, तर दुसऱ्याकडे धर्मगुरू. एका भाषेत दोन बोली तयार व्हाव्यात तसा हा प्रकार. परंतु भाषेनेच या समाजाला जोडलेलेही आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा उल्लेख येथे अपरिहार्य ठरतो. टिळकांना बाप्तिस्मा मिळाला अमेरिकन मराठी मिशनमध्ये, १८९५ साली; पण त्यांची भजने मिशनच्या हद्दीत राहिली नाहीत. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांचा वाटा मोठा आहे आणि गाणाऱ्याला रचनाकाराचा पंथ विचारावासा वाटत नाही. स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी कल्पना होती. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्याची मांडणी मात्र नागपूरच्या पन्नास वर्षे आधीची आणि नागपूरहून कितीतरी मोकळी होती. पंडिता रमाबाईंनीही इंग्लंडातील अँग्लिकन संस्थेत बाप्तिस्मा घेऊन पुढे कोणत्याच पंथाचा शिक्का कपाळी मारून घेतला नाही. १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेले ‘ज्ञानोदय’, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत आणलेले ‘सुबोध बायबल’ आणि त्याच दिब्रिटोंना २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे मिळालेले अध्यक्षपद, ही सारी एकाच धाग्याची टोके आहेत. दिब्रिटोंच्या निवडीचा आनंद प्रॉटेस्टंट घरांतही झाला, तो काही व्हॅटिकनच्या आदेशामुळे नव्हे.

विलीनीकरण की सहकार?

आता हिशेबाकडे वळू. एखाद्या तालुक्याच्या गावी चार पंथांच्या चार मंडळ्या आहेत आणि प्रत्येकीत पन्नास कुटुंबे आहेत, असे समजा. प्रत्येक मंडळीला पाळकाचा पगार, इमारतीची दुरुस्ती, विजेचे बिल आणि वरिष्ठ संस्थेची वर्गणी द्यावी लागणार. पन्नास कुटुंबे, त्यांतही निम्मी रोजंदारीवरची, हा बोजा पेलू शकत नाहीत. परदेशी मिशने असताना ही तूट बाहेरून भरून निघे, त्यामुळे पंथभेदाची किंमत कोणाला जाणवत नसे. स्वातंत्र्यानंतर मिशनरी गेले. १९७६ च्या परकीय अंशदान कायद्याने बाहेरच्या पैशावर नियंत्रण आले. २०१० मध्ये त्याच्या जागी नवा कायदा झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळविलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेस देण्यावरच बंदी घातली. मोठ्या संस्थेने अनुदान आणावे आणि पाच लहान मंडळ्यांनी मिळून दवाखाना चालवावा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. पुढील सहकार्य स्वतःच्या वर्गणीवर उभे राहील, नाही तर राहणारच नाही.

अशा वेळी मंडळ्यांनी विलीन व्हावे असे म्हणणे सोपे आहे. पण विलीनीकरणात पहिला प्रश्न मालकीचा येतो आणि त्यातून काय उद्भवते, हे १९७० नंतरच्या इतिहासाने दाखविले आहे. नगर-नाशिकच्या माणसाला दुसरा एक नमुना परिचित आहे. १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र केल्या नाहीत. ज्याची जमीन त्याच्याकडेच राहिली. एकट्याला न झेपणारे काम, म्हणजे उसाचे गाळप, तेवढे सर्वांनी मिळून केले. पुढे सहकारात काय काय शिरले, तो विषय वेगळा. परंतु मालकी अलग ठेवून काम एकत्र करण्याचे ते तत्त्व ख्रिस्ती मंडळ्यांना विलीनीकरणापेक्षा अधिक मानवणारे आहे. वसतिगृहे, दफनभूमीची देखभाल, रविवारच्या शाळेतील शिक्षकांचे प्रशिक्षण, आजारी पाळकाच्या जागी दुसऱ्या पंथाच्या पाळकाने प्रवचन देणे, या गोष्टींना धर्मशास्त्राची संमती लागत नाही, कोषाध्यक्षांची लागते.

या वाटेवर दोन अडथळे आहेत व त्यांविषयी मंडळ्यांत मोकळेपणाने बोलले जात नाही. पहिला अडथळा प्रतिष्ठेचा. जुन्या मंडळ्या पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांना सहकार्याच्या बैठकीला सहसा बोलावीत नाहीत. बोलावले तरी मागच्या बाकावर बसवितात. वस्तुस्थिती अशी की, झोपडपट्टीत नव्याने आलेले कुटुंब प्रथम त्यांच्याकडेच जाते, कारण तेथे कोणी त्याचे मूळ गाव आणि जुनी मंडळी विचारीत नाही. दुसरा अडथळा जातीचा. काही ठिकाणी पंथाची भिंत गावकुसाबाहेरच्या दोन वस्त्यांमधील जुन्या भिंतीवरच उभी आहे. लग्नाच्या वेळी ती दिसते. त्या भिंतीला सैद्धांतिक मतभेद म्हणणे ही निव्वळ आत्मवंचना होय.

याच ठिकाणी सहकार्याची खरी निकड आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. दलित ख्रिस्ती हे वेगवेगळ्या पंथांत विखुरलेले असल्यामुळे या मागणीसाठी कॅथलिक बिशपांची परिषद आणि प्रॉटेस्टंटांची राष्ट्रीय परिषद या दोघी एकत्र आल्या, आणि १० ऑगस्ट हा दिवस निषेधदिन म्हणून पाळला जातो. त्या मागणीच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ बोलता येईल. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. परंतु धर्मांतरानंतर कुटुंबाचे काय झाले, कोणाचे शिक्षण कुठवर गेले, कोण पुन्हा मजुरीवर आले, कोणत्या गावचे कोण कोठे स्थलांतरित झाले, याचा पुरावा कोठे आहे? तो आहे मंडळ्यांच्या नोंदवह्यांत. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या दीडशे वर्षांच्या नोंदी कोठे पाळकाच्या कपाटात, कोठे धर्मप्रांताच्या कार्यालयात, कोठे विश्वस्तांच्या वादामुळे कुलूपबंद खोलीत पडून आहेत. आजोबांची नोंद अमेरिकन मिशनच्या वहीत, वडिलांचे लग्न अँग्लिकन मंदिरात, मुलीचा स्नानसंस्कार कॅथलिक वहीत, अशी एकाच घराची कहाणी तीन कुलपांमागे असते. त्या वह्यांच्या प्रती काढून एका ठिकाणी ठेवण्यास बिशपांच्या दीक्षेचा प्रश्न आड येत नाही, मालमत्तेचे हस्तांतर करावे लागत नाही आणि परदेशी पैसाही लागत नाही. कागदाला मात्र वाळवी लागलेली आहे, आणि ती पंथ पाहून लागत नाही.